पंखांना टिचबटणं

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत वेश शिवले जातात. दिवाळी झाली की शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो आणि मशीनवर मावळे, वासुदेव, झाशीच्या राण्या येतात. एरवी, आणि अलीकडे तर ऐन हंगामातसुद्धा, टेबलावर पसरलेलं असतं ते नारुतोचं जाकीट, स्पायडरमॅनचा अंगाबरोबर बसणारा सूट, नाहीतर कुठल्याशा राक्षसाची फोमची शिंगं. ही गिऱ्हाइकं कॉलेजातली किंवा नुकती नोकरीला लागलेली. आवडत्या मालिकेतल्या, कॉमिकमधल्या, गेममधल्या पात्राचा वेश हुबेहूब करून घालायचा, हा त्यांचा छंद. कॉस्प्ले म्हणतात त्याला. शिवणाऱ्या बाईंना ही मुलं काकू म्हणतात. या लेखातही त्या काकूच.

काकू घडल्या कपडेपटात. ऐतिहासिक नाटकांचे अंगरखे, शेले, चिलखतं सांभाळत त्यांनी शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन आणि गावोगावचे दौरे केले. तिथे कपडेपटाचे एक वयस्कर मामा होते. त्यांचा दंडक होता की भूमिकेचे कपडे अंगावर असताना नाट्यगृहाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मध्यंतरात चहा हवा असेल तर आत मागवा. जाणं अगदीच अटळ असेल तर वरून शाल घ्या आणि जिरेटोप खाली ठेवा. तरुण नटांना हा जाच वाटायचा. मामांनी दिलेलं कारण मात्र काकूंना आजही पटतं. आत बसलेल्या माणसाने तिकीट काढलं आहे, समोर येणाऱ्याला राजा मानायचं त्याने आधीच कबूल केलं आहे. बाहेरच्या चहावाल्याने तसं काहीच कबूल केलेलं नाही.

कॉस्प्ले करणाऱ्यांना हा दंडक जसाच्या तसा पाळणं कठीण. मुंबईचं कॉमिक कॉन, म्हणजे या चाहत्यांचा मेळा, आधी बरीच वर्षं गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात भरलं, नंतर बीकेसीत. डोंबिवलीच्या मुलाला गोरेगाव म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं. बीकेसी म्हणजे कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. अंगावर चढवायला तास-दीड तास लागणारा वेश तो घरूनच घालून निघतो. म्हणजे ज्यांनी तिकीट काढलंय त्यांच्यात जाऊन उभं राहण्याआधी त्याला न काढलेल्या हजारोंमधून जावं लागतं. त्या वाटेवर कसं वागायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. काकूंना हा प्रश्न शिवणाइतकाच आपला वाटतो.

हा प्रश्न तसा या छंदाइतकाच जुना आहे. १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक अधिवेशन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले. कपडे डग्लसबाईंनी शिवले होते, १९३६च्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटावरून. पहिल्या कॉस्प्लेचा मान बहुतेक वेळा अॅकरमन यांनाच दिला जातो आणि शिवणाऱ्या बाईचं नाव मागे पडतं, याचं काकूंना फार वाईट वाटतं. ते दोघे तसेच शहरातूनही हिंडले आणि रस्त्यावरच्या पोरांनी त्यांना कॉमिकमधल्या वीरांच्या नावाने हाका मारल्या, अशी आठवण अॅकरमन पुढे सांगत. पोरांना मजा आली, कोणाचं काही बिघडलं नाही.

पुढे गर्दी वाढली तसे नियम आले. टोकियोत १९७५पासून भरणाऱ्या कॉमिकेट या कॉमिक-मेळ्याचा नियम कडक आहे. घरून वेशात यायचं नाही, वेशात परत जायचं नाही. कपडे बदलण्याची खोली आत असते, तिथे नाव नोंदवायचं, बदलायचं, आणि जाताना पुन्हा साध्या कपड्यांत बाहेर पडायचं. लांब वस्तूंवर तिथे बराच काळ ३० सेंटिमीटरची मर्यादा होती, त्यामुळे तलवारवाल्या पात्रांची फारच पंचाईत व्हायची. त्याच शहरातल्या इकेबुकुरो भागात मात्र २०१४पासून हॅलोविनच्या सुमाराला रस्तेच वेशधाऱ्यांना मोकळे केले जातात. दुकानांतही त्या दिवसांत वेशात हिंडता येतं. नागोयात २००३पासून जागतिक कॉस्प्ले संमेलन भरतं आणि ओसूच्या बाजारपेठेतून वेशधाऱ्यांची मिरवणूक निघते. या सगळ्या ठिकाणी रस्त्यावरच्या माणसाला आधी कल्पना असते. आज इथे असं काही दिसणार, हे दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला, आजीबाईंना ठाऊक असतं.

टोकियोतल्याच शिबुया भागात तसं नव्हतं. तिथली हॅलोविनची गर्दी आपोआप जमत गेली, तिला ना आयोजक ना वेळ. २०१८मध्ये जमावाने एक छोटा ट्रक उलटवला. २०१९मध्ये प्रशासनाने त्या काळापुरती रस्त्यावर दारू पिण्यास बंदी केली आणि २०२३मध्ये खुद्द महापौरांनी हॅलोविनला शिबुयात येऊ नका, असं जाहीर आवाहन केलं. दोष दारूचा आणि बेशिस्त गर्दीचा होता, पण बदनाम झाले मुखवटे.

मुंबईच्या लोकलमध्ये कोणाला काहीच कल्पना नसते. म्हणून काकू शिष्टाचार मुळात शिलाईतच बसवतात.

उदाहरणार्थ, पंख. एका मुलीला काळ्या देवदूताचे पंख हवे होते. पसरले की दोन्ही हातांपेक्षा रुंद. सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, त्यावर ईव्हीए फोम, म्हणजे चपलेच्या तळव्याला लागतो तोच हलका फोम. फोमची पिसं कटरने तिरक्या धारेने कापायची, हीट गनने शेक द्यायचा म्हणजे पृष्ठभाग बंद होतो आणि रंग शोषला जात नाही, मग रबरी सोल्यूशनने एकावर एक चढवायची. दिसायला सुरेख. मुलीला ते पाठीवरच्या पट्ट्यांना बोल्टने कायमचे जोडून हवे होते, म्हणजे हलणार नाहीत. काकूंनी नकार दिला. त्यांनी खांद्यामागे कॅनव्हासची दुहेरी पट्टी घेतली, तिला मोठ्या आकाराची टिचबटणं लावली आणि कमरेशी दप्तराला असतं तसं दाबून सुटणारं बकल. पंख गाडीच्या दारात, सरकत्या जिन्यात किंवा कोणाच्या पिशवीच्या बंदात अडकला तर टिचबटणं सुटतात, पंख हातात येतो आणि माणूस जागेवर राहतो. बोल्ट लावले असते तर पंखाबरोबर माणूस ओढला गेला असता.

ही युक्ती नाटकातली. ब्लॅकआऊटमध्ये मिनिटभरात कपडे बदलायचे असतात, तेव्हा अंगरख्याच्या बंदांच्या फक्त गाठी दिसायला ठेवतात आणि आत टिचबटणं लावतात. मागे उभ्या असलेल्या माणसाने दोन हातांनी ओढलं की अंगरखा निघालाच पाहिजे. काकू म्हणतात, स्टेशनवरही तेच लागतं, किती पटकन तुम्ही पुन्हा तुम्ही होऊ शकता. अर्ध्या मिनिटात पंख उतरवून घडी करता आले, तर शेजारच्या माणसाची निम्मी तक्रार तिथेच संपते. घडीसाठी त्यांनी सांगाड्याला मध्ये बिजागरी दिली आणि वर काळ्या कापडाची नाडीची खोळ शिवली. दादरपर्यंत पंख खोळीत, खोळ अंगाशी उभी.

खोळ कुठे न्यायची यावरही त्यांचं मत पक्कं आहे. मालडब्यात जागा असते असं मुलांना वाटतं. तो डबा भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्या घेऊन पहाटेपासून पोटासाठी फिरणाऱ्यांचा आहे. छंदाच्या सामानाने त्यांची जागा अडवायची नाही. गर्दीच्या वेळा टाळा, तासभर आधी निघा, नाहीतर चौघांत टॅक्सी करा. आणि वेश बाईचा असला तरी मुलाने बायकांच्या डब्यात चढायचं नाही. गंमत म्हणूनही नाही, दोन स्टेशनांपुरतंही नाही. रेल्वे कायद्याच्या १६२व्या कलमाखाली तो गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर पुरुषांच्या धक्क्यांतून सुटून त्या डब्यात बसलेल्या बाईला दाढीचे खुंट दिसणारी राजकन्या अचानक समोर आली तर काय वाटेल, एवढा विचार पुरे.

दुसरी गोष्ट चेहरा. पूर्ण हेल्मेटच्या वेशात काकू हनुवटीखाली चुंबक लावतात, म्हणजे पुढचा भाग दोन बोटांनी वर जातो. तिकीट तपासनीस, मेट्रोच्या सुरक्षातपासणीतला जवान, रिक्षावाला, वाट विचारणारा म्हातारा, यांच्यापैकी कोणाशीही बोलायचं तर आधी चेहरा उघडा. मूल रडलं तर ताबडतोब उघडा, ‘अरे बघ, दादा आहे’ म्हणा आणि बाजूला व्हा. बँकेत, एटीएममध्ये, दवाखान्यात तर मुखवटा पिशवीतच. अमेरिकेत २०१२च्या जुलैमध्ये अरोरा इथल्या चित्रपटगृहात ‘द डार्क नाइट राइझेस’च्या खेळाला गोळीबार होऊन १२ जण मारले गेले. त्यानंतर तिथल्या मोठ्या चित्रपटगृहांनी तोंड झाकणारे वेश आत सोडणं बंद केलं. २०१९मध्ये ‘जोकर’ आला तेव्हाही मुखवटे आणि चेहरा रंगवून येणं यांवर बंदी होती. हजारो साध्या चाहत्यांचं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची धास्ती खरी होती. अनोळखी माणसाची भीती चुकीची ठरवत बसण्यापेक्षा चेहरा दाखवणं सोपं, असं काकूंचं म्हणणं.

पात्र रस्त्यावर वठवायचं नाही, हेही यातच आलं. २०२३च्या जानेवारीत नोएडा मेट्रोच्या डब्यात हिंदी चित्रपटातली झपाटलेली मंजुलिका होऊन प्रवाशांच्या अंगावर जाणाऱ्या बाईचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोक संतापले. मेट्रोने खुलासा केला की ते परवानगी घेऊन केलेलं जाहिरातीचं चित्रीकरण होतं. परवानगी होती हे ठीक, पण त्या संतापातून लोकांना काय नकोय ते स्वच्छ कळतं. दिल्लीत २०२४च्या जुलैमध्ये स्पायडरमॅनच्या वेशात गाडीच्या बॉनेटवर बसून फिरणाऱ्या तरुणावर वाहतूक पोलिसांनी कारवाई केली, ती त्या बॉनेटसाठी, वेशासाठी नव्हे. आपल्याकडचा बहुरूपी पोलीस होऊन दारात उभा राहतो आणि नसत्या गुन्ह्यांची यादी वाचतो, पण त्याच्या दुसऱ्या वाक्यालाच हसू फुटतं आणि घरातल्यांना कळतं की हा बहुरूपी. तो आपलं सोंग स्वतःच उघडं करतो. लोकलमध्ये गप्प उभ्या असलेल्या मुखवट्याला ही सोय नाही.

शस्त्रं आणि गणवेश याबाबत काकू कोणाचं ऐकत नाहीत. तलवार फोमचीच, टोक बोथट, सभागृहात शिरेपर्यंत कापडात गुंडाळलेली. बंदूक खऱ्यासारखी काळी न ठेवता तोंडाशी भडक नारिंगी. भारतीय सैनिकाचा किंवा पोलिसाचा आजचा गणवेश त्या शिवून देत नाहीत. भारतीय न्याय संहितेची १६८ आणि २०५ ही कलमं तसं भासवण्याच्या हेतूने गणवेश घालण्याबद्दल आहेत, आणि लष्कराने नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्क २०२२मध्ये आपल्या नावे नोंदवले आहेत. मुलाचा हेतू निर्मळ असेल, पण स्टेशनवर घाबरलेला माणूस त्याच्याकडे धावला की वर्दीतल्या माणसाकडून जे हवं असतं ते हा देऊ शकणार नाही.

एकदा ‘टोकियो रिव्हेंजर्स’ या जपानी मालिकेतल्या टोळीचं काळं जाकीट जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलासाठी शिवायचं होतं. त्यावर मांजी, म्हणजे बौद्ध परंपरेतलं स्वस्तिक असतं. आपल्या उंबरठ्यावर रोज रांगोळीत काढतात ते चिन्ह. जर्मनीत नाझी चिन्हांवर दंडविधानाच्या ८६-अ कलमाने बंदी आहे आणि ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना बाहू कोणत्या दिशेला वळलेत हे थांबून बघायला सांगणं क्रूरपणा आहे. मालिकेच्या परदेशी प्रसारणातही ते चिन्ह झाकलं गेलं होतं. काकूंनी त्या जागी कापड कोरं सोडलं. मुलगा थोडा खट्टू झाला, पण त्याने ते तसंच नेलं.

आतापर्यंतचं सगळं वेश घालणाऱ्याने पाळायचं. बघणाऱ्याच्या बाजूचं मात्र कोणीच सांगत नाही, आणि काकूंचा आवाज चढतो तो इथे. वेशातली मुलगी दिसली की लोक न विचारता फोन काढतात. खालून फोटो घेतात. विग ओढून बघतात, शेपटीला हात लावतात, ‘हे कापड कसलं’ म्हणत मांडीला हात लावतात. फिरताना आपण कोणाच्या करमणुकीला आलो नाही हे मुलींनी सांगायचं तरी किती जणांना? न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४मध्ये प्रवेशद्वारांशी मोठे फलक लावले: वेश घातला म्हणजे संमती दिली असं होत नाही. त्यात फोटो विचारून घ्या, अंगाला हात लावू नका, हेच सांगितलं होतं. टोकियोत तर फोटोसाठी रांग लावायची, पाळी आली की वाकून विचारायचं, झाल्यावर आभार मानायचे, ही रीत मुरलेली आहे.

काकू आखूड घागऱ्याला आतून त्याच रंगाची चड्डी शिवतात, गळ्याला पारदर्शक जाळी लावतात, सुटका करून घ्यायला सोपं जावं म्हणून लांब केसांचा विगसुद्धा पिनांऐवजी क्लिपांवर बसवतात. प्रत्येक वेशाला, अगदी चिलखतालासुद्धा, फोन मावेल असा खिसा देतात. पण हे शिवताना त्या मुलीला हेही बजावतात की कोणी हात लावला तर चूक घागऱ्याची नाही. नाटकात नटीच्या अंगाला कपडेपटातली बाईही ‘लावू का गं पिन?’ असं विचारून हात लावते. तेवढी साधी गोष्ट फलाटावरच्या माणसाला जमायला हवी. वेशधाऱ्याबरोबर एक साध्या कपड्यांतला सोबती असावा, असा त्यांचा आग्रह असतो. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, हातमोज्यांतून फोन चालत नाही. सोबती रस्ता बघतो, पाणी देतो आणि फोटोवाल्याला ‘आधी विचारा’ म्हणतो. उलट वेशधाऱ्यानेही आपले फोटो काढून घेताना मागे झोपलेला प्रवासी किंवा शाळेची मुलं चौकटीत घेऊ नयेत.

रोजच्या कामाच्या जागी काय? १९९६मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक इथे व्हाइटवॉटर खटल्यात बार्बरा अॅडम्स नावाच्या ज्युरर बाई स्टार ट्रेकचा गणवेश घालून कोर्टात बसत. त्यांना पुढे ज्युरीतून काढलं ते गणवेशावरून नाही, तर मनाई असताना दूरचित्रवाणीच्या वार्ताहराशी बोलल्याबद्दल. गणवेशाने कामात अडथळा येत नव्हता, बोलण्याने आला. काकूंची एक गिऱ्हाईक आयटी कंपनीत आहे. ती पूर्ण वेश न घालता आपल्या पात्राच्या रंगांचा साधा कुर्ता आणि कॉलरला छोटं चिन्ह शिवून घेते. ओळखणाऱ्याला ओळखू येतं, बाकीच्यांना छान कुर्ता दिसतो.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अॅनिमेशनपट आपल्याकडे लागला आणि पहाटेचे खेळही भरले. तेव्हा काकूंकडे त्यातल्या तांजिरोच्या काळ्या-हिरव्या चौकड्याच्या सैल अंगरख्यांची रीघ लागली. तो शिवणं वाटतं तितकं सोपं नाही. बाहीच्या जोडावर चौकडा जुळला पाहिजे, काळ्यापुढे हिरवाच आला पाहिजे, नाहीतर लांबूनही शिलाई ओरडते. त्यासाठी दोन्ही तुकडे आधी टाचण्यांनी धरून कच्चा टाका घालावा लागतो. चित्रपटगृहाला असा वेश फार योग्य. जीन्सवर चढतो, खुर्चीत मावतो, चेहरा उघडा राहतो. उभ्या केसांचे विग मात्र काकूंनी त्या खेळापुरते घरी ठेवायला सांगितले, कारण मागच्या रांगेतल्यानेही तेवढेच पैसे मोजलेले असतात.

वेश द्यायच्या आधी काकूंकडे ट्रायल होते, ती आरशापुढची नव्हे. सगळं अंगावर चढवून स्टुलावर बसायचं, पाणी प्यायचं, खिशातून पास काढून दाखवायचा, जिना चढून उतरायचा, मुखवटा एका हाताने काढायचा, शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून काहीतरी घेऊन यायचं. वाण्याशी दोन वाक्यं नीट बोलता आली नाहीत तर वेश परत टेबलावर. कोणाची शेपटी दाराच्या फटीत अडकते, मग तिला कमरेशी चेन लागते.

शिवाय त्या आता आयोजकांच्याही मागे लागल्या आहेत. जिथे जिथे त्यांचे वेश जातात, तिथे त्या आधी एक पत्र पाठवतात. लग्नाच्या हॉलमध्ये दोन्ही पक्षांना खोल्या मिळतात तशी मुलांना प्रवेशदाराजवळ कपडे बदलायला खोली द्या, आरसा द्या, सामान ठेवायला जागा द्या. बहुतेक ठिकाणाहून उत्तर येत नाही. एका कॉलेजने आपल्या महोत्सवात तळमजल्याचे दोन वर्ग रिकामे करून दिले, एक मुलींसाठी, एक मुलांसाठी. आतून कड्या, दाराशी एक शिपाईबाई आणि बाकांवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या. त्या दिवशी काकूंची बहुतेक मुलं गाडीतून साध्या कपड्यांत गेली आणि साध्याच कपड्यांत घरी आली. इतर कॉलेजांना पाठवायच्या पत्राला काकू आता त्या वर्गांचा फोटो जोडतात.